अर्धं येत असेल तर

"येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. पण हात सगळ्यांचे वर गेले पाहिजेत. एकाचाही हात बाकावर दिसला, तर उद्या साहेब गेल्यावर माझ्याशी गाठ आहे. कळलं?"

"कळलं, बाई."

"काय कळलं? म्हस्के, तू सांग."

शेवटच्या बाकावरून कौतिका म्हस्के उठली. उंच, हाडकुळी पोरगी; उठताना दरवेळी तिचा गुडघा बाकाला लागायचा. "तुम्ही प्रश्न इचारला का समद्यांनी हात वर करायचा. ज्याला येतंय त्याचा उजवा, ज्याला न्हाई येत त्याचा डावा. तुम्ही उजव्यालाच उठवणार. साहेबाला वाटंल, समद्यांनाच येतंय."

"साहेबांना," मी म्हटलं. "बस."

ती बसली नाही. "बाई, अन् अर्धं येत असंल तर?"

वर्ग खिदळला. मी टेबलावर पट्टी आपटली. "अर्धं म्हणजे काय गं?"

"म्हंजी मराठीत अर्थ सांगता येतो. पण त्याच्या जोडीचा दुसरा इंग्लिश शब्द न्हाई येत."

"मग डावाच. अर्ध्याला कोण विचारतंय?"

ती मान हलवून खाली बसली. मला तेव्हा तिचा राग आला होता, कारण साडेचार वाजले होते आणि तक्त्याचे तीन कोपरे अजून रंगवायचे राहिले होते.

हे एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतलं, तपासणीच्या आदल्या दिवसाचं, नववीच्या वर्गातलं. डाव्या-उजव्या हाताचं ऐकून तुम्ही नाक मुरडू नका. ज्याने हे कधीच केलं नाही असा त्या काळातला मास्तर मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. मला माझ्या बाईंनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. बी.एड.च्या पुस्तकात नसतं, पण सगळ्यांना येतं.

पिंपळदऱ्याची ती शाळा म्हणजे पत्र्याच्या सहा खोल्या आणि पुढे मैदान. इंग्रजी शिकवायला एकटी मी, इंदुमती ठोंबरे. तीन वर्षं तात्पुरती होते. कायम व्हायचं तर वरच्या ऑफिसची मान्यता लागते, आणि ती मान्यता तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर अडकली होती. शेरा बरा आला तर कायम, नाहीतर जूनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई.

दुसरी बाई आली असती तर मी कुठे गेले असते, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आले होते. तो मारायचा. कधी पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्याने. थोरल्या भावाने चार महिने ठेवून घेतलं आणि मग म्हणाला, "इंदे, नोकरी आहे तोवर तुझी तू राहा, मी काही बोलणार नाही. नोकरी गेली तर मात्र मीच तुला नांदायला पोचवून येईन. मला माझ्या पोरी उजवायच्यात." भाऊ वाईट नव्हता, भित्रा होता. पण बोलला की करायचा. त्या घरात परत जायचं नुसतं मनात आलं तरी मी रात्री उठून दाराची कडी पुन्हा बघायची. हे सगळं गावाला ठाऊक होतं. गावात काय झाकून राहतं?

पाठासाठी मी 'गिव्ह अप' निवडलं होतं. दोन इवलेसे शब्द, पण अर्थ बघायला गेलं तर मारुतीच्या शेपटासारखे वाढतच जातात. व्यसन सोडणं, हार मानणं, प्रयत्न थांबवणं, आशा सोडणं, हवाली करणं, त्याग करणं, दुसऱ्याला आपली जागा देणं, पदावरून पायउतार होणं. मी ड्रॉइंगच्या कागदावर मध्ये 'गिव्ह अप' लिहून सभोवती सूर्याच्या किरणांसारखे ते आठ अर्थ काढले होते आणि प्रत्येकापुढे जोडीचा इंग्रजी शब्द: क्विट, सरेंडर, स्टॉप, सॅक्रिफाइस, रिझाइन. तक्ता खरंच देखणा झाला होता. आठ दिवस मुलांकडून घोकून घेतलं होतं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी नव्वदच्या वर लागायचा. तो कसा लागायचा? तर नववीत गाळणी लावून. जो दहावीला घात करेल असं वाटायचं, त्याला नववीतच बसवायचं. मुलगा असला तर तो पुन्हा वर्षभर येऊन बसायचा. मुलगी असली की ती परत यायची नाही. कौतिकाचा बाप, रंगनाथ म्हस्के, दिवाळीनंतर शाळेत येऊन सरळ सांगून गेला होता, "नववी निघाली तर दहावी करू द्यायची. न्हाई निघाली तर सोयरीक आलेली हाय, उरकून टाकतो." पोरगी काठावरची होती. पण मेहनतीची होती, आणि निघाली असती असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीप आली. चौबळ साहेब उतरले. पन्नाशीचा बारीक माणूस, पांढरा बुशशर्ट, तोंडात लवंग. आमचे मुख्याध्यापक गाडेकर सर त्यांच्या पुढे धावू की मागे, अशा गोंधळात. साहेबांनी चहा नको म्हटलं, हार नको म्हटलं, आणि म्हणाले, "आधी इंग्रजीचा तास बघतो."

ते वर्गात आले आणि सगळ्यात मागे, कौतिकाच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. मी खडू हातात घेतला तर तो घामाने ओला झाला.

पाठ सुरू झाला. मी तक्ता टांगला, प्रस्तावना केली, पहिला प्रश्न विचारला. एक्केचाळीस हात वर. मी उजवा पाहून उठवला, उत्तर आलं, जोडीचा शब्दही आला. दुसरा प्रश्न, पुन्हा एक्केचाळीस हात. दारात उभे असलेले गाडेकर सर मान डोलवत होते. तिसरा प्रश्नही तसाच गेला. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

चौथ्या प्रश्नाला हात वर गेले आणि साहेब उठले.

"थांबा, बाई. हात तसेच राहू द्या. कोणी खाली करायचा नाही."

ते बाकांच्या मधून चालायला लागले. सावकाश, एकेका पोराकडे बघत. मला फळ्याजवळून सगळं दिसत होतं. साहेबांची पाठ ज्या रांगेकडे वळायची, त्या रांगेतले डावे हात हळूच खाली जायचे आणि उजवे वर यायचे. आमची पोरं काही कमी नव्हती. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा वर्गात उजव्या हातांचं रान उभं होतं.

डावा एकच उरला होता. शेवटच्या बाकावर, कौतिकाचा. तिला मी काल सांगितलं होतं, अर्धं येत असेल तर डावाच, आणि तिला अर्धंच येत होतं. म्हणून तिने तो वर धरून ठेवला होता.

साहेब तिच्यापुढे थांबले. "ऊठ. नाव?"

"कौतिका रंगनाथ म्हस्के." गुडघा बाकाला लागला.

"बाई, तो तक्ता उलटा करा. हं. म्हस्के, गिव्ह अपचे अर्थ सांग. येतील तेवढे."

तक्ता उलटा करताना खिळ्यातून दोरी निसटली. मी तो फळ्याला टेकवून तशीच उभी राहिले.

कौतिकाने एक बोट धरलं. मग तक्त्यातलं एकही वाक्य न घेता सांगायला लागली.

"आमच्या आज्यानं तंबाखू सोडली, त्ये एक. कुस्तीत गडी दमला अन् म्हणला बस्स झालं, त्ये एक. म्हैस तीन येळा गाभडली, मग आईनं तिच्या दुधाची आशा सोडली, त्ये एक. येष्टीत म्हातारी चढली का आपण उठून तिला जागा देतो, त्ये बी गिव्ह अपच." ती बोटं मोजत होती. "आमच्या दाव्याला दुसऱ्याची शेळी आली होती, ती ज्याची त्याच्या हवाली केली. अन् माझी ताई पाचवीतून घरी राहिली, धाकट्याला सांभाळाया, म्हणून मला शाळेत येता आलं. त्ये एक. त्याला तक्त्यात अवघड शब्द हाय."

"त्याग," साहेब म्हणाले.

"हां. त्याग."

"आणि याच्या जोडीचे इंग्रजी शब्द?"

"त्ये न्हाई येत, साहेब."

"नसू देत." साहेबांचा चेहरा बदलला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला पोरीचा अभिमान वाटला. तीन वर्षांत 'गिव्ह अप' इतकं चांगलं कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, "मग मला एक सांग. इतकं येतं तुला. या सगळ्यांनी उजवा हात वर केला. तू डावा का केलास?"

दारात गाडेकर सरांची मान डोलायची थांबली.

कौतिकाने माझ्याकडे पाहिलं. तिने फक्त खरं सांगायचं होतं: बाईंनी सांगितलं म्हणून. तीन शब्द. ते तीन शब्द बाहेर पडले असते तर साहेबांनी तिथल्या तिथे वही काढली असती, आणि जूनमध्ये भावाने माझी ट्रंक एस्टीवर चढवली असती. मी तिला डोळ्यांनीही काही सांगितलं नाही, सांगायची हिंमतच नव्हती. नुसती उभी होते.

"मी डावखुरी हाय, साहेब," ती म्हणाली.

साहेब वळले. "बाई, ही डावखुरी आहे?"

"होय, साहेब," मी म्हटलं. "लहानपणापासून."

'लहानपणापासून' हे मला कोणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने जोडलं. इतक्या वर्षांनी ते एकच जास्त टोचतं.

"अच्छा," साहेब म्हणाले. "मग दुपारी या वर्गाची लेखी घेऊ. पंचवीस मार्कांची, चाळीस मिनिटं. सगळ्यांचं अक्षर बघायचंय मला." आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले.

मधल्या सुट्टीत गाडेकर सरांनी मला ऑफिसच्या मागे गाठलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बाई, त्या पोरीला सांगा, दुपारी डाव्यानंच लिहायचं. उजव्यात पेन दिसलं तर तुमच्यासकट माझीही गेली. त्यांनी मुद्दाम ठेवलीय ही परीक्षा. वीस वर्षं तपासण्या करतोय हा माणूस."

"सांगते."

"आणि हो, आजच्या लेखीवरच गाळणीची यादी करून टाकू. नऊच्या खाली जाईल तो नववीतच बसेल. साहेबांची सही आयतीच मिळेल, पुढे पालकांची कटकट नको."

"सर," मी म्हटलं, "डाव्या हाताने ती पोरगी पंचवीसातले नऊ कशी आणेल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्ही बघा, बाई. तुम्हाला मान्यता पाहिजे का नको?"

कौतिका भिंतीच्या सावलीत डबा खात बसली होती. उजव्या हाताने भाकरी मोडत होती. मला बघून उठायला लागली.

"बस गं. खा." मी तिच्याजवळ उभी राहिले. "कौतिका, दुपारी लिहिताना..."

"ठाऊक हाय, बाई. डाव्यानं लिहीन."

"जमेल का?"

"हळूहळू जमंल." तिने ठेचा लावलेला घास तोंडात घातला आणि तसंच बोलली, "म्या लहानपणी दगड डाव्यानंच मारायची."

आता बोलायला हवं होतं. ही परीक्षा नुसती अक्षर बघायला नाही, तुझी दहावी हिच्यावर आहे, एवढं सांगायला हवं होतं. मग तिने काय ते ठरवलं असतं. पण तिने उजवा हात ठरवला असता तर? मी म्हटलं, "शहाणी आहेस," आणि निघून आले.

दोन वाजता लेखी सुरू झाली. साहेब टेबलाशी बसले, मी बाकांमधून फिरत होते. पहिल्याच फेरीत मी कौतिकाचा कागद पाहिला. डाव्या हातात पेन असं धरलं होतं की खुरपं वाटावं. शाईचं पेन होतं. एक अक्षर लिहिलं की तिचाच तळवा त्याच्यावरून जायचा आणि ते फरफटायचं. ती थांबून फुंकर मारायची, मग पुढचं अक्षर. पहिल्या प्रश्नाच्या दोन ओळी व्हायला दहा मिनिटं लागली. शेजारची पोरगी तोवर दुसऱ्या पानावर गेली होती.

"वीस मिनिटं राहिली," साहेब म्हणाले.

मी पुन्हा तिच्या बाकाशी आले. तिचा खालचा ओठ दातात होता. उजवा हात मांडीवर होता आणि त्याची बोटं आपोआप हलत होती, जणू तोही लिहितोय. ती काय लिहितेय ते मी वाचलं. सगळं बरोबर होतं. मराठीत तर होतंच, पण दोन ठिकाणी जोडीचा इंग्रजी शब्दही होता. क्विट. सरेंडर. मधल्या सुट्टीत बसून पाठ केले असणार.

तिने मान वर केली. नुसती बघत राहिली माझ्याकडे. विचारत नव्हती काही, पण मी मान हलवली असती तर तिने पेन त्या हातातून या हातात घेतलं असतं, एवढं मला नक्की कळलं. साहेब टेबलाशी लवंग चघळत बसले होते. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर शिपाई जीपला पाणी मारत होता. मी पुढच्या बाकाकडे गेले.

घंटा झाली तेव्हा तिचा दुसरा प्रश्न अर्धा झाला होता. पाच प्रश्न होते.

"इथेच तपासा, बाई," साहेब म्हणाले. "मी बसलोय."

मी लाल पेन घेतलं. एकेक कागद तपासून त्यांच्याकडे सरकवत गेले. तिचा कागद आला तेव्हा मला वाटलं, नऊ द्यावेत. कोणाचं काय जातंय? पण साहेब खुर्ची जवळ ओढून बघत होते. लिहिलेल्याचे सात होत होते. मी सात मांडले.

साहेबांनी तो कागद उचलला. खूप वेळ बघितला. "अर्थ सगळे बरोबर आहेत. वेळ पुरला नाही वाटतं."

"होय, साहेब."

"लहानपणापासून डावखुरी असून?"

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघितल्यासारखे. त्यांना सगळं कळलं होतं, मला आजही खात्री आहे. माझ्या तोंडून ते निघतंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी पुढचा कागद ओढला आणि तपासायला लागले.

शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेरेबुकात लिहिलं: 'इंग्रजीचे अध्यापन समाधानकारक. शिक्षिकेच्या मान्यतेस हरकत नाही.' मग गाडेकर सरांनी गाळणीची यादी पुढे केली. सहा नावं होती, चौथं कौतिकाचं. साहेबांनी ती वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्यावरही सही केली. असं का केलं, शिक्षा कोणाला केली, मला कधी कळलं नाही. मी त्यांना परत भेटले नाही.

जीप गेली. शाळा सुटली होती. मी फाटकाशी आले तर कौतिका उभी. डावा तळवा मनगटापर्यंत निळा.

"बाई, झालं का तुमचं?"

"काय?"

"मान्यता. आई म्हणत होती, न्हाई झालं तर बाईला नांदाया जावं लागंल. त्यो लई मारतो म्हणं."

"झालं," मी म्हटलं.

"मग बरं झालं." तिने तळवा परकराला पुसला आणि वस्तीच्या वाटेला लागली. तेव्हाही मी तिला थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये निकाल लागला. मी एकदा त्यांच्या वस्तीवर गेले. रंगनाथ म्हस्के बैलाला पाणी दाखवत होता. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, अजून एक वर्ष काढू द्या. तो शांतपणे म्हणाला, "बाई, नापास तुम्हीच केली. आता शिकवा बी तुम्हीच म्हणता. आमी कोणतं धरायचं?" कौतिका आत चुलीपाशी होती. बाहेर आली नाही. मे महिन्यात लग्न झालं. पंधरा वर्षांची होती. मी सुट्टीचं कारण सांगून लग्नाला गेले नाही. गेले असते तर हळदीचे हात बघावे लागले असते.

मी कायम झाले. नवऱ्याकडे जावं लागलं नाही. ते सुख मी भोगलं, नाकारत नाही. रात्री कडी लावून एकटी झोपायचं आणि पहाटे अंगावर वळ नसलेले उठायचं, याची किंमत ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. पण 'गिव्ह अप'चा तो तक्ता मी परत भिंतीला लावला नाही. पुढच्या मुलांना तो अर्थ शिकवायची वेळ आली की मी पुस्तकातलं वाचून दाखवायची आणि पान उलटायची.

चौदा वर्षांनी, जूनमध्ये, पाचवीचे प्रवेश चालले होते. गाडेकर सर निवृत्त झाले होते, नवीन तरुण मुख्याध्यापक शेजारच्या खुर्चीत होते. फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे. एक उंच बाई दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे आली. मी वर न बघताच म्हटलं, "इथे पालकाची सही."

तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि एका झटक्यात, न थांबता, सुरेख सही केली. कौतिका रंगनाथ म्हस्के. बापाचं नाव, नवऱ्याचं नव्हे.

मी वर पाहिलं. तीच हाडं, तेच डोळे. उजवा हात पदराखाली होता. तिने तो बाहेर काढून टेबलावर टेकवला तेव्हा दिसलं, मनगट वाकडं बसलं होतं आणि बोटं मिटत नव्हती.

"हाताला काय झालं गं?"

"मोडला त्यानं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. नीट बसलाच न्हाई." ती सहज सांगत होती, दुखणं जुनं झाल्यावर माणसं सांगतात तसं. "मग समदं डाव्यानंच शिकले. भाकरी थापणं, इळा धरणं. लिहिणं तेवढं आधीच थोडं येत होतं."

"कौतिका," मी म्हटलं, "त्या दिवशी मी साहेबांशी खोटं बोलले. आणि ती परीक्षा कशाची होती ते तुला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं."

"मला बी नंतर कळलं, बाई." तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला, डावा. "लई दिस राग आला तुमचा. मग त्यो मारायला लागला, अन् वाटलं, बाई याच्यातनं सुटल्या, त्या कशा सुटल्या आसतील? मग म्या बी निघून आले. पाच वर्सं झाली." ती थांबली. "राग गेला न्हाई अजून समदा. अर्धा गेलाय."

मी मान हलवली. तेवढा तरी गेला, हेही जास्तच होतं.

तिने फॉर्मवर बोट ठेवलं. "इथं पोरीच्या बापाचं नाव लिव्हावंच लागतं का? माझं लिव्हलं तर?"

शेजारचे मुख्याध्यापक वाकून म्हणाले, "मॅडम, नियमात बसत नाही. वरून विचारणा झाली तर आपण अडकू. काहीतरी लिहून टाका बापाचं."

माझं तेव्हा निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तरी भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात.

"विचारणा झाली तर मला बोलवा," मी म्हटलं. "मी सांगेन, मी लिहिलं म्हणून."

मग मुलीला वर्गात न्यायला उठले. तिचं नाव रेवती. दारात ती बुजली आणि आईकडे वळून बघायला लागली. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिच्यापुढे वाकून, मागे उभ्या असलेल्या कौतिकालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "हे बघ, रेवती. वर्गात काही विचारलं आणि तुला अर्धंच येत असलं, तरी उजवा हात वर करायचा. मी तुलाच उठवीन."